बशीतले साचे

डगल मॅक्रेने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी दात सरळ करायला घेतले, आणि ही गोष्ट तो खोऱ्यात कुणालाही सांगणार नव्हता.

न्यूझीलंडमधल्या ओमारू गावच्या दातांच्या डॉक्टरणीने त्याच्या तोंडात प्लॅस्टिकचे दोन पारदर्शक साचे बसवले. यांना अलायनर म्हणतात, असं तिने सांगितलं. दिवसाचे बावीस तास लावायचे, दर दोन आठवड्यांनी नवी जोडी. जेवताना काढायचे, पाण्याशिवाय काहीही पिताना काढायचे, आणि परत लावण्याआधी दात घासायचे. साचे घट्ट बसावेत म्हणून तिने दातांवर बारीक ठिपकेही चिकटवले. कुणाला काही दिसणार नाही, म्हणाली. डगलने आरशात पाहिलं. खरंच काही दिसत नव्हतं. फक्त तोंडात उकडलेलं अंडं लपवलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता. आभार मानायला त्याने तोंड उघडलं, तर आधी नुसती वाफ निघाली आणि मग हनुवटीवर लाळ आली. डॉक्टरणीने दुसरीकडे बघत त्याच्या हातात कागदी रुमाल दिला. पोरगी चांगल्या घरची असावी, असं त्याला वाटलं.

हे सगळं त्याने हौसेने केलं नव्हतं. बायको, आयलीन, गेल्यापासून तो झोपेत दात खात होता. त्याला ते कळत नसे, सकाळी जबडा दुखायचा एवढंच. चौदा महिन्यांत खालचा एक दात तुटला आणि उरलेले वाकडे होऊन वरच्या हिरडीला लागायला लागले. आधी दात जागेवर आणावे लागतील, मग दुरुस्ती, असं डॉक्टरीण म्हणाली. दात का खाता, हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

लपवायचं कारण साधं होतं. बायको गेलेल्या माणसाने नवी टोपी घेतली, तरी खोऱ्यातले लोक लग्नाची तारीख विचारतात. मागे अर्नी पेटिटने विधुर झाल्यावर भुवया कापून घेतल्या होत्या आणि चार महिन्यांत त्याचं लग्न झालं. भुवयांना चार महिने, तर दातांना लोक किती दिवस देतील, याचा हिशेब डगलला करायचा नव्हता.

आणि मुख्य म्हणजे मोराग होती. मोराग आयलीनची थोरली बहीण. शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. डगल दर रविवारी दुपारी तिच्याकडे जेवायचा आणि संध्याकाळपर्यंत बसायचा. बाकीचे लोक त्याच्यासमोर आयलीनचं नाव घ्यायचं टाळत, चांगुलपणानेच. मोराग टाळत नसे. आयलीनला ग्रेव्ही कधी म्हणून जमली नाही, असं ती भांडी विसळता विसळता म्हणायची, आणि तेवढ्यावर डगलचा पुढचा आठवडा निघायचा. तशी दुसरी जागा त्याच्याकडे नव्हती.

अडचण स्कोनची झाली. जेवणाआधी न्हाणीघरात जाऊन साचे गुपचूप काढता येत आणि नंतर गुपचूप लावताही येत. पण मोरागकडे जेवणानंतर चहा आणि चीज घातलेले गरम स्कोन, म्हणजे छोटे जाड पाव, तीनदा यायचे. दर खेपेला न्हाणीघर गाठायचं तर तिने रुग्णवाहिका बोलावली असती. म्हणून डगलने स्कोन नको म्हटलं. त्या घरात स्कोन नको म्हणणारा तो पहिलाच. पहिल्या रविवारी मोरागने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या रविवारी तब्येत दाखवलीस का, म्हणून विचारलं. तिसऱ्या रविवारी तिने ताटली उचलून आत नेली आणि बाहेर येऊन समोर बसली.

“कुणाकडे खाऊन येतोस?”

“कशलं काय, मोराग. पोट भरलंय.” साच्यांमुळे त्याची जीभ अडखळली.

“बोलायलाही लागलास नाजूक. कोण आहे ती?”

तेव्हाच साचे काढून टेबलावर ठेवले असते तर प्रश्न मिटला असता. पण ते काढायचे म्हणजे दोन बोटं तोंडात खुपसायची, कट्ट असा आवाज यायचा आणि मागोमाग लाळेची तार. सासूने विणलेल्या टेबलक्लॉथवर ते करायला डगलचं मन होईना. तो गप्प बसला. गप्प बसल्यामुळे त्याचा चेहरा अगदी गुन्हेगारासारखा दिसला असणार, हे त्याला घरी पोचल्यावर सुचलं.

दारात मोराग म्हणाली, “मी तुला अडवणारी कोण. पण माझ्या टेबलाशी बसून खोटं बोलू नकोस. पुढच्या रविवारी मी घरी नाही.”

त्या रविवारच्या आदल्या दिवशी कुत्र्याकडून मेंढ्या वळवून घ्यायची स्पर्धा होती. डगल चाळीस वर्षं स्पर्धेत उतरत होता. कुत्र्याला हुकूम द्यायला बाकीचे लोक तोंडात शिट्टी धरत. डगल मात्र पुढच्या दोन दातांच्या फटीतून शीळ घालायचा आणि त्याचा त्याला माज होता. साचे लावल्यापासून शीळ येत नव्हती, नुसती हवा जायची. शेतावरचं मेंढ्यांचं काम तो मोटारसायकलवर भागवत होता. साचे काढले की शीळ परत जागेवर येणार, हे त्याने धरूनच चाललं होतं. एकदाही करून पाहिलं नव्हतं. नवख्यांना तो मात्र नेहमी सांगायचा, बाबांनो, आधी घरी करून बघा.

त्याची कुत्री टिब. तिला आयलीनने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आयलीनला शीळ यायची नाही. ती कुत्रीशी बोलायची. टिबला थांबवायचं असलं की हाक मारायची, “बस गं माझी बाई, बस.” ही कुत्री आहे की भाची, असं डगल तिला चिडवायचा. चौदा महिन्यांत ते शब्द कुणी उच्चारले नव्हते.

शनिवारी सकाळी शौचालयात जाऊन साचे काढायचे, असं त्याने ठरवलं होतं. पण शौचालयाच्या वाटेवरच चहाचा तंबू, आणि तंबूच्या तोंडाशी मोठी किटली घेऊन मोराग. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याच्या कपात चहा ओतला. डगल दोनदा तिथवर गेला, दोनदा मागे फिरला. तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं. तो साच्यांसकट रिंगणात उभा राहिला.

सुरुवात बरी झाली. टिब टेकडीवर धावली, वरच्या तीन मेंढ्यांच्या मागून फिरली आणि त्यांना खाली आणायला लागली. मध्यावर तिला थांबवायचं होतं. डगलने शीळ घातली. उकळत्या किटलीसारखा आवाज आला. टिबने कान टवकारले, थोडा विचार केला आणि मेंढ्या डावीकडे वळवल्या. डावीकडे चहाचा तंबू होता.

आता लाज बाळगण्यात अर्थ नव्हता. शंभरेक माणसांसमोर डगलने दोन बोटं तोंडात घातली. कट्ट, वरचा. कट्ट, खालचा. दोन्ही शर्टाच्या खिशात कोंबून त्याने मोकळ्या तोंडाने शीळ घातली. आवाज मोठा आला, पण तो त्याचा नव्हता. चार आठवड्यांत दात जरा सरकले होते, वर ते ठिपके. टिबने हा माणूस कोण अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं आणि मेंढ्यांना अजून जोराने हाकललं. तंबूपुढची रांग फुटली. मोराग किटली छातीशी धरून उभी होती.

डगल ओरडला, “बस गं माझी बाई, बस.”

टिब जिथल्या तिथे पोटावर बसली. मेंढ्याही थांबल्या, मोरागपासून दहा पावलांवर.

उरलेलं काम त्याने आयलीनच्या शब्दांनी केलं. शब्द त्याला सगळे येत होते. इतकी वर्षं तो ते फक्त ऐकत आला होता. एक्केचाळीस गुण मिळाले, शेवटून पहिला नंबर. अर्नी पेटिटने लांबून विचारलं, काय गड्या, कुत्रीला तोंडातलं काढून काय भरवत होतास?

कुंपणापाशी डगल टिबच्या पाठीवर हात फिरवायला वाकला. सरळ झाला तेव्हा समोर मोराग होती. ती खाली बघत म्हणाली, “काय चावतेय ती?”

डगलने खिसा चाचपला. रिकामा.

“माझे साचे,” तो म्हणाला. “दात सरळ करायचे. ते घातले की स्कोन खाता येत नाही. बाई वगैरे कुणी नाही, मोराग. मी झोपेत दात खातो.”

“कधीपासून?”

“तुला माहितीये कधीपासून.”

कुडकुड आवाज चालूच होता.

“आयलीनही खायची,” ती म्हणाली. “सात-आठ वर्षांची असताना. आमचा पलंग एकच. मी रात्रभर तिला लाथा मारायचे.”

हे डगलला माहीत नव्हतं. छत्तीस वर्षांच्या संसारात आयलीनने कधी सांगितलं नव्हतं. त्याने ते पुन्हा सांगायला लावलं, लाथांसकट. मोरागने सांगितलं, आणि “उद्या ये जेवायला,” म्हणत ॲप्रनच्या खिशातून कागदात गुंडाळलेला स्कोन काढून त्याच्या हातावर ठेवला. तोंड मोकळंच होतं. त्याने उभ्या उभ्या खाल्ला. चार आठवड्यांत त्याने तोंडात इतकं चांगलं काही घातलं नव्हतं.

नवे साचे येईपर्यंत आधीचीच जोडी लावा, असं डॉक्टरणीने फोनवर सांगितलं. कुत्रीने खाल्ले, हे तिला खरं वाटलं. दर महिन्याला एखादी तरी खाते, म्हणाली.

रविवारी डगल साचे तोंडात घालूनच मोरागकडे गेला. त्याच्या ताटाशेजारी एक बशी होती आणि तिच्यावर कप पालथा घातलेला. त्याने टेबलाशी बसून साचे काढले. कट्ट आवाज झाला, लाळेची तार आली, ती त्याने पुसली. टेबलाखालून टिबचं नाक वर आलं.

“कप नीट झाक,” मोराग म्हणाली. “आणि या खेपेला ग्रेव्हीला नावं ठेवायची नाहीत. आयलीनच्या पद्धतीने केलीय.”

ग्रेव्हीत गुठळ्या होत्या. डगलने दोनदा वाढून घेतली.