उंदीर जिथे थिजतात ती पेटी

कापूर. स्टीलच्या सळ्या. शॉवर कॅप. शेपटीसुद्धा न हलवणारा उंदीर. उद्याचं भाषण.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. मी मिशिगनमधल्या एका प्रयोगशाळेतली जुनी पेटी आहे. भिंती प्लास्टिकच्या, तळ सळ्यांचा. उंदराला माझ्यात ठेवतात आणि सळ्यांतून विजेचा हलका झटका देतात. दुसऱ्या दिवशी माझ्यात आला की तो जागीच थिजतो. थिजला म्हणजे त्याला मी आठवते. कुणाला माझी आठवण अशी यावी, हे मला कधीच आवडलं नाही.

आठवण पक्की कशी होते, ते मी ऐकून ऐकून शिकले. पेशीत डीएनएचा लांब धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. काही महत्त्वाचं घडलं की रिळांवर बारीक रासायनिक खुणा चिकटतात, धागा सैल होतो, त्यावरची जनुकं वाचली जातात आणि आठवण टिकते. खुणा पुसल्या की धागा पुन्हा आवळतो. इथली संशोधक सावनी हिचं औषध त्या खुणा पुसू देत नव्हतं.

सावनी इथल्याच, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात जन्मलेली. तिचे बाबा, चारुदत्त, हल्ली विसरत होते. तिला घाई होती ती त्यामुळेच.

निकाल सुंदर आला. औषध दिलेले म्हातारे उंदीर थिजले. नुसतं पाणी टोचलेले, झटका बसूनही, माझ्यात मजेत हिंडले. कुणीतरी माझा फोटोही काढला. उद्या सावनी हे सगळ्यांसमोर मांडणार होती, बाबांना पहिल्या रांगेत बसवून.

तेवढ्यात तिचा सहकारी निमिष चुकून तिचा पांढरा कोट घालून आला.

"सावनी, तुझ्या कोटाला देवघराचा वास येतोय."

"गणपतीला आरतीहून डायरेक्ट आले होते ना. आई स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालायला विसरली आणि कापराच्या धुराने तो वाजायला लागला. फायर ट्रक यायचाच बाकी होता."

निमिष हसला नाही. "त्या दिवशी कुठले उंदीर ट्रेन केलेस?"

"पाणीवाले. औषधवाले आदल्या दिवशी."

"आणि टेस्टला हाच कोट?"

"नाही. लॅबचा स्पेअर..." ती बोलता बोलता थांबली.

पाणीवाल्या उंदरांना झटका बसला होता कापराच्या वासात. वास गेल्यावर मी त्यांना दुसरीच पेटी वाटले असेन. कदाचित औषधाने काहीच केलं नव्हतं.

सावनीने त्याच्या अंगातला कोट काढून घेतला आणि धुण्याच्या पिशवीत कोंबला. एकदा धुतला असता, तर विषय संपला असता. माझ्या सळ्या गार पडल्या.

"यार, उद्या टॉक आहे," निमिष हळूच म्हणाला. "कुणाला कळणार?"

"तुला कळलं ना."

तिने कोट पुन्हा बाहेर काढला, टेबलावर पसरला आणि स्पीकरवर फोन लावला.

"बाबा, उद्याचं टॉक कॅन्सल केलं. सगळं पुन्हा करावं लागणार."

पलीकडचा आवाज शांत होता. "कुठलं टॉक, बाळा?"



मित्रांनो, कधी माझ्यासारख्या पेटीपाशी काम कराल, तर आधी स्वतःच्या बाह्या हुंगून पाहा. मला नीट पुसा. आणि झटका सोसलेल्या जिवाने जे दाखवलं, तेवढंच सांगा. त्याने ते सुखासुखी दिलेलं नसतं.

निवृत्त होईपर्यंत सावनीचे बाबा चारुदत्त मेंदूचे डॉक्टर होते.