मोजणीच्या दिवशीचा ओढा

समुद्राचा आणि आमच्या भाजे गावाचा संबंध काय, हे गेल्या वर्षभरात मी इतक्या जणांना समजावलं की आता माझंच तोंड दुखतं. घाट उतरला की दोन-अडीच तासांत कोकणचा समुद्र. पण आमच्या ओढ्याचं पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून इंद्रायणीत जातं, तिथून भीमेत, कृष्णेत आणि अख्खा देश ओलांडून पूर्वेच्या समुद्रात. शनिवार-रविवारी धबधब्यावर आलेली मंडळी बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं टाकून जातात, तीही त्याच वाटेनं निघतात.

नऊ देशांनी मिळून समुद्र, किनारे आणि ध्रुवाकडचा बर्फ सांभाळायचा एक कार्यक्रम काढला आहे. कचरा समुद्रात पोचायच्या आधी ओढ्यातच अडवायचा, हा त्यातलाच एक भाग. मी तळेगावच्या एका छोट्या संस्थेत नोकरी करते आणि तिथंच खोली घेऊन राहते. अकरा महिने मी त्यांचे फॉर्म भरले आणि कॉम्प्युटरवरच्या बैठकांत उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं मुकाट ऐकून घेतलं.

हे समुद्रासाठी केलं असं म्हटलं तर खोटं होईल. आईसाठी केलं. ओढा आमच्या वस्तीपाशी वळतो आणि वरचा सगळा कचरा त्या वळणावर साचतो. काढला नाही तर पाणी अंगणात शिरतं. म्हणून दर सोमवारी आई, चंपामावशी आणि आणखी तिघी गुडघाभर पाण्यात उतरतात. आईला साखरेचा आजार आहे. मागच्या पावसाळ्यात बिअरच्या बाटलीच्या काचेनं तिची टाच कापली, ती जखम दिवाळीपर्यंत भरली नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा कापलं तर पाय वाचेलच असं सांगता येणार नाही. कार्यक्रमात आमचा ओढा बसला, तर वस्तीच्या वरच्या पुलाखाली कायमची जाळी आणि कचरा वर ओढून घेणारं यंत्र मिळणार होतं. मग कुणालाच पाण्यात उतरावं लागलं नसतं.

पाच ओढ्यांतून एक निवडायचा होता. सगळीकडे एकाच आठवड्यात मोजणी. तासभर आडवं जाळं लावायचं, अडकलेला तुकडा न् तुकडा मोजायचा. जिथं कचरा जास्त, तिथं काम. आमचा वार मी मुद्दाम सोमवार मागून घेतला. तीन महिने वस्तीत घसा फोडून सांगत होते, "त्या सोमवारी ओढ्याला हात लावू नका."

मोजायला मार्ते नावाच्या बाई आल्या. नॉर्वेच्या. आयुष्यभर बर्फातलं प्लास्टिक शोधलेल्या, उंच, कमी बोलणाऱ्या. सकाळी आठला त्यांना घेऊन मी वस्तीवर पोचले. वाटेवर सडा, रांगोळी. पाचही जणी ठेवणीतल्या पांढऱ्या साड्या नेसून हात जोडून उभ्या. आणि ओढा असा, की तळाचे गोटे मोजून घ्यावेत.

"आई, हे काय केलंस?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"काय केलं म्हंजी? पावनी येनार हुती. काल सांजंपासनं काढत हुतो आमी समद्या."

मार्तेबाईंनी जाळं लावलं. तासाभरात त्यात सात तुकडे आले, त्यातलं एक गुटख्याचं पाकीट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? समाजमंदिरामागे बावीस पोती भरून ठेवलेली होती, मी बाईंना तिकडे नेलं. त्यांनी फोटो काढले, पण मान हलवली. कागदावर फक्त जाळ्यात आलेलं धरतात, सगळ्या देशांत एकच रीत. दुसऱ्या दिवशी त्यांना किनाऱ्याकडे जायचं होतं. पुन्हा येणं शक्य नव्हतं.

बाई चहा घेत होत्या, जाळं अजून पाण्यातच होतं. पुन्हा मोजा म्हणता येईल म्हणून मी एक पोतं ओढत वरच्या अंगाला नेलं आणि सुतळीची गाठ सोडायला बसले. लाज वाटली नाही, फक्त दमल्यासारखं झालं. एवढ्यात आई आली. ती ओरडली नाही. पोत्याच्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, "ऱ्हाऊ दे, यशू." मी राहू दिलं.

दोन आठवड्यांनी मेल आला. निवड दुसऱ्या ओढ्याची झाली होती. आमचं मात्र अभिनंदन होतं. तुमचा ओढा पाचांत सर्वांत स्वच्छ, तुमच्या महिलांनी आपला अनुभव इतर देशांना सांगावा. वाचून हसू यायला हवं होतं. मी घरी जाऊन आईवर तोंड सोडलं.

"तुमच्या त्या सडा-रांगोळीनं सगळं गेलं! घाण दिसली असती तर जाळी मिळाली असती. एवढं साधं कळलं नाही तुला?"

आई भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"कळलं हुतं. तीन म्हैने सांगत हुतीस, मी काय बहिरी हाय?"

"मग?"

"ती बाई मोजनार, मंग कागदावर लिवनार, या वस्तीपाशी समद्यात जास्त घान. तो कागद नऊ देशांत फिरनार. तुज्या आज्याच्या वक्तापासनं लोकांनी आपलं नाव घानीसंगंच घेतलं, यशू. दुसऱ्यांनी घेतलं ते घेतलं. आता माज्या लेकीच्या सहीनं न्हाई लिवून द्यायचं."

"आणि तुझा पाय?"

"पाय माजा हाय."

 राग आला होता, तो अजूनही गेलेला नाही. ती बरोबर म्हणते असंही मी म्हणणार नाही. पाय तिचा असला तरी आई माझी आहे.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकली. आईला काठावरच्या दगडावर बसवलं आणि जखमेनंतर मी आणून दिलेले तिचे गमबूट घालून पाण्यात उतरले. आदल्या दिवशी जोराचा पाऊस होता, गर्दीही तशीच. पाकिटं, डायपर, चपला, बाटल्या. चंपामावशी पुढे आणि मी मागे. आई वरून बोट दाखवत होती, "तितं काच हाय, जपून." दुपारी दोनपर्यंत चौदा पोती झाली, तरी वळण अर्धंच मोकळं झालं होतं. माझी कंबर धरली.

"ये वर," आई म्हणाली, आणि लुगड्याचा काचा मारून उठली. "ऱ्हायलेलं आमी उंद्या काढू."

उद्या मला रजा नव्हती.