उघडल्याशिवाय सांगता येत नाही

"फोन हलवू नकोस गं!" बटणताई ओरडली आणि मग स्वतःच खो खो हसत सुटली.

तिच्या अंगात एक जुना निळा कोट होता. खिशाला शाईचा डाग, बाह्या तिच्या बोटांच्याही पुढे लोंबणाऱ्या. कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग. समोर तिची वर्गमैत्रीण चष्मिश आपल्याच खोलीतल्या पलंगावर उभी राहून चित्रण करत होती, म्हणजे करायचा प्रयत्न करत होती. हसून हसून तिचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता.

"कोट कुठून पैदा केलास?"

"मिळाला कुठूनतरी. चल, आता शेवटचं. एक, दोन, तीन!"

बटणताईने भिंग डोळ्यावर ओढलं, मान जराशी डावीकडे कलती केली, नाकातून एक लांब श्वास सोडला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ठेवून जा, ताई. उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही."

मग भिंग वर सारून, कॅमेऱ्यावर बोट रोखून, स्वतःच्या खणखणीत आवाजात: "मंडळी, हे असले काका प्रत्येक दुकानात असतात! यांना विचारून वेळ घालवू नका. मला विचारा. मी खोकं न उघडताही सांगते!"

बटणताई हे नाव तिचे व्हिडिओ बघणाऱ्या लोकांनीच ठेवलेलं. बाजारात काही नवं आलं, म्हणजे कानात घालायचं, मनगटावर बांधायचं, आपोआप फिरून केर काढणारं, की ती त्याचं पहिलं बटण दाबायची आणि धडाधड मत द्यायची. वर्षभरापूर्वी वर्गात उभं राहून धडा वाचायचा म्हटलं तरी हिच्या तळहातांना घाम फुटायचा. आणि आता अनोळखी माणसं विचारायची, "बटणताई, हे घेऊ की ते घेऊ?" ती उत्तर द्यायची आणि माणसं खरंच तेच घ्यायची! असं झालं की कुणाचेही पाय जमिनीला लागायचे नाहीत. तिचेही लागत नव्हते.

खरं म्हणजे मतं तिची नव्हती. बाबांची होती.

बाबा अठरा वर्षं एका मोठ्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, काचेच्या आड बसून बिघडलेली यंत्रं उघडत होते. जेवताना ती सहज विचारल्यासारखं करायची, "बाबा, ते नवं घड्याळ कसंय हो?" आणि बाबा घास हातातच धरून सांगायचे, "दिसायला राजबिंडं आहे. पण मागचं झाकण नुसतं चिकटवलंय. घामाने सुटतं. या महिन्यात माझ्याकडे अकरा आली." दुसऱ्या दिवशी बटणताई केस मागे उडवत सांगायची, "मंडळी, राजबिंडं आहे, पण घामाघूम झालात की झाकण टाटा करणार!" आणि जे यंत्र बाबांनी उघडलेलं नसायचं, त्याबद्दल कितीही खोदून विचारलं तरी उत्तर एकच. ते वाक्य ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. तिला वाटायचं, बाबा झोपेतही तेच म्हणत असतील.

नकलेचा तो तुकडा वाऱ्यासारखा पसरला. मधल्या सुट्टीत कुणी कुणाचा डबा मागितला की उत्तर तयार, "ठेवून जा, ताई!" गणिताच्या बाईसुद्धा पेपर तपासायला नेताना म्हणाल्या, "उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही," आणि अख्खा वर्ग बाकं बडवायला लागला. बटणताईने उभं राहून, वाकून मुजरा केला. बाबा असलं काही बघत नाहीत, असं तिने स्वतःला सांगून टाकलं होतं.

आणि मग त्याच दुकानातून तिला निरोप आला. दुमडणारा नवा फोन येतोय, लोकांसमोर हातात घेऊन मत सांगाल का?

बाबांचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. "आमच्याकडे? तू? मग मी सगळ्यांना सांगतो की ही आमची..."

"नको नको!" ती घाईने म्हणाली. "तिथे मला हाक मारू नका हं, बाबा. म्हणजे... वशिल्याने बोलावलं असं वाटेल ना."

बाबांनी क्षणभर विचार केला. "हो, तेही खरंच आहे."

"आणि तो फोन कसा आहे?"

"नवा कोरा माल. माझ्याकडे एकही आला नाही अजून. उघडल्याशिवाय काही..."

तिने ओठ दाबून हसू आवरलं. बाबांना वाटलं ती आनंदात आहे. तेही हसले.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबा घरातून तिच्याआधी तासभर निघाले. दाढी गुळगुळीत केलेली, आणि निळ्या कोटाला चक्क इस्त्री. अठरा वर्षांत त्या कोटाला इस्त्री झालेली आईनेही पाहिली नव्हती.

दुकानात पन्नासेक माणसं जमली होती. बटणताईने फोन हातात घेतला, एका हाताने उघडला, कट्, मिटला, कट्. काय आवाज होता! तिने तो तीनदा ऐकवला. लोक माना डोलवत होते. "मंडळी, बिजागर बघा, बिजागर! लोखंड आहे लोखंड. हजार वेळा उघडा, हजार वेळा पाडा, याला काही म्हणजे काही होणार नाही!" हे ती बोलली आणि बोलताना तिला स्वतःलाच इतकं आवडलं की ते खरं वाटायला लागलं.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. साध्याच होत्या, हातात कापडी पिशवी. "माझ्या आईला घ्यायचाय. अक्षरं मोठी दिसतात म्हणून. पण तिचे हात कापतात हो. दिवसातून दोनदा तरी पाडेल. नक्की चालेल ना?"

बटणताईने फोन पुन्हा एकदा मिटला, कट्. पडण्याबद्दल तिला काय माहीत? तिने पाडला कुठे होता?

"अरे, त्या ठेवून-जा काकांना विचारा!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. मॅनेजरही हसले आणि काचेकडे वळून म्हणाले, "या हो, बाहेर या जरा. तुमचीच आठवण काढतायत."

बाबा बाहेर आले. कपाळावर भिंग, हातात चिमटा तसाच. इतक्या लोकांसमोर ते कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी बाईंचा प्रश्न नीट ऐकून घेतला, मान जराशी डावीकडे कलती केली, नाकातून एक लांब श्वास सोडला.

"त्याचं असं आहे, ताई, उघडल्याशि..."

"...वाय काही सांगता येत नाही!" पन्नास माणसांनी एका सुरात वाक्य पुरं केलं. कुणी टाळ्या वाजवल्या. चष्मिश फोन उंच धरून चित्रण करत होती आणि तिचा फोन गदागदा हलत होता.

बाबा सगळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी बटणताईकडे बघितलं. रागाने नाही. एखादं यंत्र उघडल्यावर आत नेमकं काय तुटलंय ते दिसावं, तसं.

तिला एकच शब्द बोलायचा होता. दोन अक्षरी. लहान मुलं पहिल्यांदा बोलायला शिकतात तो. तो तिच्या तोंडून निघाला नाही.

बाबांनी चिमटा खिशात ठेवला. "या ताईंनी सांगितलंय ते बरोबर आहे," ते बाईंना म्हणाले. "त्यांचा अभ्यास आहे." आणि मग तिच्याकडे वळून, जरा वाकून, "तुम्ही चालू द्या."

ताई. त्यांचा. तुम्ही! जन्मल्यापासून तिला तू म्हणणाऱ्या, ठकू म्हणणाऱ्या, मस्ती केली की गाढवे म्हणणाऱ्या माणसाने. आणि ज्याने अठरा वर्षांत न उघडलेल्या यंत्राबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, त्याने.

बाईंचा चेहरा निवळला. त्यांनी फोन घेतला.

त्या संध्याकाळी जेवताना बटणताईने उगाचच विषय काढला. "बाबा, ते नवे बिनवायरचे इअरफोन आलेत ना, ते कसे आहेत हो?"

"तूच सांग," बाबा म्हणाले. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. त्यांनी भात कालवला आणि खाली मान घालून जेवले.

ताटं उचलताना आई हळूच म्हणाली, "पाहिलंय त्यांनी ते तुझं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. दुकानातल्या मुलींनी दाखवलं. घरी येऊन मला दाखवत होते, बघ, मान कशी हुबेहूब माझ्यासारखी वाकडी करते म्हणून."

"म्हणजे हसले?"

"आधी हसले." आईने नळ सोडला. "मग विचारत होते, मी खरंच इतक्यांदा म्हणतो का गं ते?"

बटणताईने तो तुकडा काढून टाकला. पण तोवर तो शंभर ठिकाणी गेला होता. तिथून कुठून काढणार? बाबांची माफी मागायची असं ती रोज ठरवायची, बाबा घरी यायचे, चपला काढायचे, हातपाय धुवायचे, आणि तिला अचानक गृहपाठ आठवायचा. लोकांसमोर जीभ कशी चुरूचुरू चालायची! घरातल्या घरात मात्र टाळ्याला चिकटून बसायची.

महिन्याभराने, शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, बाबा डबा विसरले. आईने तो तिच्या हातात दिला. "नेऊन दे. आणि तोंडाने काहीतरी बोल."

काउंटरसमोर रांग होती. ती गुपचूप शेवटी उभी राहिली. सरळ पुढे जाऊन डबा द्यायचा तिला धीर होईना. बाबा भिंग लावून एका गृहस्थांचा फोन बघत होते.

"बघतो," बाबा म्हणाले. "म्हणजे... राहू द्या इथे. मी... कळवतो तुम्हाला."

दुसरा माणूस आला. "असू द्या हा. काय आहे ते... पाहावं लागेल." प्रत्येकाला वेगळं काहीतरी. रोजचा जिना उतरताना एखादी पायरी काढून घेतलेली असावी, तसे ते त्या जागी येऊन चाचपडत होते. तिला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर बरं.

मग तिच्यापुढची व्यक्ती काउंटरवर गेली, आणि बटणताईला ती कापडी पिशवी दिसली. त्याच बाई. पिशवीतून त्यांनी दोन तुकडे काढून काउंटरवर ठेवले. फोनचं बिजागर उखडून आलं होतं, मधली पट्टी लोंबत होती.

"पहिल्याच आठवड्यात पाडला आईने," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही म्हणालात बरोबर आहे, म्हणून घेतला हो मी. त्या मुलीचं नाही ऐकलं. म्हटलं, हे भिंगवाले दिसतायत, यांना माहीत असेल."

"हो," बाबा म्हणाले. "चूक माझी आहे. मी तसं म्हणायला नको होतं."

"त्यांची नाही!"

रांगेतली माणसं वळली. बटणताईचा आवाज चिरका निघाला, कॅमेऱ्यासमोर कधीच निघाला नव्हता तसा. "मी ठोकून दिलं होतं, मावशी. मला काही माहीत नव्हतं. बाबांनी तो फोन उघडलाच नव्हता. ते माझ्यासाठी खोटं बोलले. हे माझे बाबा आहेत."

बाईंनी आधी तिच्याकडे, मग बाबांकडे, मग तिच्या हातातल्या डब्याकडे बघितलं, आणि त्यांचा राग कुठे ठेवावा ते त्यांना समजेनासं झालं.

बाबांनी मान वर केली नाही. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं, दोन्ही तुकडे जवळ घेतले, बोटाने पट्टीची कड चाचपली. बराच वेळ. मग मान जराशी डावीकडे कलती केली आणि नाकातून एक लांब श्वास सोडला.

"ठेवून..." ते म्हणाले.

आणि थांबले. भिंगाच्या कडेवरून त्यांनी रांगेकडे एक नजर टाकली, कुणी हसतंय का बघायला. कुणीच हसत नव्हतं. बटणताई डबा छातीशी धरून उभी होती, श्वास रोखून, उरलेल्या वाक्याची वाट बघत.

"असू द्या इथे," बाबा म्हणाले. "बघतो मी."

मग त्यांनी काचेखालच्या फटीतून हात बाहेर काढला आणि डबा आत घेतला.