माझ्याकडचा अर्धा आवाज

मी एक जुनी हार्डडिस्क आहे. मित्रांनो, माझा आकार तुमच्या कंपासपेटीएवढा, पोटात आरशासारख्या चकचकीत तबकड्या आणि स्वभाव असा की एकदा सांगितलेले विसरायचे नाही. माझी जुळी बहीण माझ्याबरोबरच कारखान्यातून निघाली. आम्ही दोघी एका ध्वनिमुद्रकाकडे आलो. घराची मागची खोली हाच त्यांचा स्टुडिओ. भिंतींना जाड स्पंज, दाराला दुहेरी काच, आणि टेबलावर कायम गार झालेला चहा.

संगणक दुरुस्त करणाऱ्या काकांनी आम्हाला एका काळ्या डब्यात शेजारी शेजारी बसवले आणि मालकांना विचारले, "दादा, इनिशियलाइज करायच्या, म्हणजे वापरायला तयार करायच्या, आधीच ठरवा. नंतर बदलायचं तर पाटी पुसावी लागते. रेड वन पद्धतीनं जोडल्या, तर जे हिच्यावर तेच तिच्यावर. एक गेली तरी दुसरी आहे. पण जागा निम्मी. रेड झीरो केलं, तर प्रत्येक गोष्टीचे बारीक तुकडे होणार, एक हिच्याकडे, पुढचा तिच्याकडे. जागा पुरी मिळेल, वेगही. पण एक गेली की दोघी गेल्या."

"अहो, आत्ता तर आल्यात. लगेच कशाला मारताय त्यांना?" दादा हसले. "झीरोच करा. मला जागा लागते."

"मग तिसरीकडे प्रत ठेवा."

"ठेवतो हो."

काकांनी बटण दाबले आणि आम्ही दोघी मिळून एक झालो. मला तेव्हा त्याचा आनंदच झाला होता.

पाच वर्षे आम्ही जाहिराती, भाषणे, गाणी सांभाळली. कामाला कधी नाही म्हटले नाही. "वाऱ्यासारख्या पळतात दोघी," असे दादा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

मग दादांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावे लागणार होते. ऑपरेशनला आठ दिवस उरले होते. ते आठही दिवस वहिनी सकाळी त्या खोलीत येत, हात जोडून क्षणभर डोळे मिटत आणि माइकसमोर बसत. त्यांची ठकी तेव्हा चार वर्षांची होती. तिच्यासाठी वहिनी गोष्टी बोलल्या, पाढे बोलल्या, थोडे रागवूनसुद्धा ठेवले. "ठके, ऊठ गं. शाळेची वेळ झाली. उठतेस की पाणी ओतू?" मग काचेपलीकडच्या दादांना म्हणाल्या, "नशीब उघडलं बघा तुमचं! माझी बडबड बंद करायला आता बटण आहे." दादा हसले नाहीत. शेवटच्या दिवशी जाताना वहिनींनी आमच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवली: 'दुसरी प्रत काढली का?'

ऑपरेशन झाले. वहिनी पाटीवर लिहून बोलू लागल्या. ठकीला मात्र रोज सकाळी स्पीकरमधून आईचाच आवाज उठवी. अधूनमधून पाटीवर 'प्रत?' एवढेच उमटे. दादा म्हणत, "या रविवारी नक्की." मित्रांनो, पाटीला आवाज चढवता येत नाही. चिठ्ठीचाही डिंक सुकला आणि ती टेबलामागे पडली.

दोन वर्षांनी एका सकाळी बहिणीच्या पोटातून टकटक ऐकू आली. मी तिला हाक मारली. ती थांबली ती थांबलीच.

आतले परत मिळते का पाहायला तिला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. महिन्याने ती तशीच परत आली. तबकड्या ओरखडून गेल्या होत्या. मग काकांनी मला एकटीला खरवडून पाहिले. माझ्याकडे होते नव्हते ते सारे मी पुढे केले. पण प्रत्येक शब्दाचा एक तुकडा माझ्याकडे होता आणि पुढचा तिच्याकडे. खोलीत "ठ... ग... ळ..." असे काहीतरी वाजले. ठकी वहिनींना बिलगली. "ही आई नाही! बंद करा ते!"

देवाशपथ सांगते, मी काहीही विसरले नव्हते.

"ही मात्र ठणठणीत आहे," काका खाली मान घालून म्हणाले. "कोरी करू?"

वहिनींनी पाटी ओढली आणि लिहिले: 'करा. जागा लागते यांना.' लगेच तळहाताने पुसलेसुद्धा. पण दादांनी वाचले होते.

काकांनी माझ्या शेजारी नवी डिस्क बसवली आणि या खेपेला कोणाला न विचारता रेड वन निवडले. आता जे माझ्यावर तेच तिच्यावर. एक गेली तरी दुसरी आहे. आणि त्या दिवशी आम्ही दोघीही रिकाम्या होतो.

मित्रांनो, जे पुन्हा मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत आजच काढा. जेवणाआधी हात धुता ना, तसा त्याचा नेम धरा. रविवारची वाट पाहू नका. आमचे दादा आता एक दिवस चुकवत नाहीत. प्रतीचीही प्रत काढतात. जाहिरातींची.

सकाळी ठकीला गजराचे घड्याळ उठवते. वहिनी तिच्या उशाशी बसतात आणि त्यांचे ओठ हलतात. त्या काय म्हणत असतील, ते मला एकेकाळी अर्धे तरी माहीत होते.