तीन चिमटी जटामांसी

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले आणि हिम्मतरावांची झोप उडाली. मुंबई राज्यात जायचं की इथंच राहायचं, हे कचेरीतल्या कारकुनांनी लिहून द्यायचं होतं. मुदत आज पाचची. अर्ज दिला नाही तर इथंच. मुंबई राज्यात जाणाऱ्या परभणीहून थोरले भाऊ मुकुंदराव पत्रावर पत्र टाकत होते, आपल्या माणसांत ये. बायकोला, सुशीलाबाईंना, मात्र हलायचं नव्हतं. लेक भामा इथंच हैदराबादेत, नल्लकुंट्यात दिलेली, तिला सातवा महिना. पोटुशी पोर टाकून कोणती आई जाईल? त्यांनी नवऱ्याला सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

सुलतान बाजारातल्या अत्तारानं झोपेसाठी जटामांसीची मुळी कुटून देताना बजावलं होतं, "एकीच चुटकी, अम्मा. ज्यादा दिये तो दिनभर नै उठते."

रजा टाकून कोऱ्या अर्जासमोर बसलेल्या नवऱ्याला त्यांनी तीन चिमटीचा काढा दिला, गूळ घालून. हिम्मतरावांनी पेला नाकाशी धरला, जरा थांबले आणि घटाघटा प्यायले. बाराला ते आडवे झाले.

दोन वाजले, तीन वाजले. सुशीलाबाई निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होत्या. साडेतीनला घोरणं थांबलं. श्वास इतका संथ झाला की त्यांनी नाकापुढे बोट धरून पाहिलं. हैदराबाद राहो नाहीतर जावो, कपाळाचं कुंकू राहिलं पाहिजे. त्यांनी नवऱ्याला गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं.

सव्वाचारला डोळे उघडले.

"माझं चुकलं," त्या रडत म्हणाल्या. "औषध जास्त घातलं मी. सायकल काढते, अजून पोचाल."

"ठाऊक आहे," हिम्मतराव म्हणाले. "काढ्याला तुझ्या केसांच्या तेलाचा वास होता, जटामांसीचा. बावीस वर्षं ओळखतो."

"मग प्यालात कशाला?"

ते कुशीवर वळले. पाचाचे ठोके पडेपर्यंत सुशीलाबाई सायकल धरून दारात उभ्या होत्या. हवं ते मिळालं होतं, आणि तरी त्यांना नवऱ्याचा संताप आला होता.

संध्याकाळी हिम्मतरावांनी मुकुंदरावांना कार्ड लिहिलं आणि टाकायला बायकोच्याच हाती दिलं. पत्रपेटीपाशी त्यांनी ते वाचलं. 'यायची फार इच्छा होती. हिनं झोपेचं औषध जास्त पाजलं, मुदत टळली.'

दुसऱ्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.