मुलगी जागी होते ती गोष्ट

ग्रंथालयात त्याला सगळे ‘शोध्या’ म्हणत, आणि हे नाव त्याला मनातून आवडायचं. कुणीही यावं, अर्धीमुर्धी आठवण काउंटरवर टाकावी आणि याने नेमकी ती गोष्ट कपाटातून काढून हातात ठेवावी. हिरवा पुठ्ठा होता आणि एक माणूस चंद्रावर हरवतो, एवढ्यावरही त्याने गोष्टी शोधून दिल्या होत्या. त्याची एक युक्ती होती. त्याच्या मते माणसं गोष्टीचा शेवट हमखास चुकीचा सांगतात, आपल्याला हवा तसा गोड करून. म्हणून गाडी अडली की तो सांगणाऱ्याचा शेवट सरळ कापून टाकायचा आणि उरलेल्यावर शोधायचा. नव्याने कामाला लागलेल्यांना तो हे शिकवायचाही, जरा मान ताठ करून.

अडली होती ती फक्त आईची गोष्ट. जगाचं शोधून देणाऱ्याला घरचं सापडू नये, हे त्याला फार लागलं होतं.

आईला आठवायचं ते एवढंच. आकाशात खूप दूर एक यान असतं. काचेच्या पेटीत एक लहान मुलगी झोपलेली असते आणि तिला सांभाळायला एक यंत्र. ते रोज काच पुसतं, उशाशी बसून तिला गमती सांगतं. शेवटी मुलगी डोळे उघडते आणि विचारते, ‘सकाळ झाली का?’ तो जन्मायच्या आधी बाबांनी ही गोष्ट तिला वाचून दाखवली होती. आता बाबा नव्हते, आईची नजर अधू झाली होती आणि तिला ती एकदा परत ऐकायची होती. हट्ट करून असं तिने त्याच्याकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

झोपेतून जाग्या होणाऱ्या झाडून सगळ्या मुली त्याने धुंडाळल्या. मग एका दुपारी चहा पिताना त्याच्या लक्षात आलं की आईच्या बाबतीत आपण कात्री चालवलीच नाही. आईचं कसं चुकेल, असं धरून चाललो. त्याने शेवट कापला आणि संध्याकाळच्या आत गोष्ट हाती लागली, रद्दीत काढलेल्या जुन्या विज्ञानकथांच्या गठ्ठ्यात. त्याने ती उभ्यानेच वाचली. मुलगी पहिल्या पानापासून मेलेलीच होती, पण ते कळतं शेवटच्या पानावर. मरण म्हणजे काय हे यंत्राला कुणी शिकवलेलंच नव्हतं, म्हणून ते काच पुसत राहतं. शेवटच्या ओळीतही ते काचच पुसत असतं. एवढं वाचून या गृहस्थाला काय वाटावं? आपली युक्ती पुन्हा एकदा खरी ठरली, याचा आनंद झाला.

बायकोने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की शेवटचं पान गाळ, त्यांना कुठे दिसतंय. तो म्हणाला, मी कुणालाही अर्धी गोष्ट देत नाही.

सुट्टीच्या सकाळी आई खिडकीशी खुर्ची ओढून, केस नीट करून बसली. तो वाचू लागला तशी ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. “हेच. अगदी हेच,” ती म्हणाली, आणि तो फुलून गेला. मग शेवटचं पान आलं. त्याने तेही वाचलं, खणखणीत आवाजात.

“ह्यांनी असं नव्हतं वाचलं,” आई म्हणाली.

“आई, आठवण अशीच फसवते,” तो समजुतीने म्हणाला. काउंटरवर लोकांशी बोलायचा तोच आवाज. “छापलेलं कसं बदलेल?”

आईने पुस्तक मागून घेतलं. अक्षरं दिसत नव्हती तरी पानावरून बोट फिरवलं.

“तुझी ताई गेली तेव्हा मी अंथरुणातून उठत नव्हते,” ती म्हणाली. “हे रोज थोडं थोडं वाचायचे. शेवटच्या दिवशी मध्येच थांबले. चष्मा काढून पुसत बसले, किती तरी वेळ. मग पुढचं वाचलं. दुसऱ्या दिवशी मी उठले.”

आपल्याआधी एक बहीण होती, एवढंच त्याला ठाऊक होतं. बाबांनी त्या पानावर काय केलं होतं ते आता कुठे त्याच्या डोक्यात शिरलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी जपून दिलेलं याने भर सकाळी, पुरावा दाखवून काढून घेतलं होतं. वर शाबासकीची वाट बघत बसला होता.

“दुसऱ्या आवृत्तीत वेगळं असेल,” तो पुटपुटला.

“नको रे. तुला नाही जमत ते.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. बायकोने सगळं ऐकलं, हे त्याला कळलं, आणि मान वर करवेना.

थोड्या वेळाने आईने पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. “शेवटचं पान परत वाच,” ती म्हणाली.

त्याने वाचायला घेतलं. यंत्र पेटीजवळ येतं, फडकं उचलतं. पुढची ओळ समोर छापलेली होती. आईची ओळही त्याला तोंडपाठ होती, नुसती म्हणायची होती. पण जन्मभर छापलेल्याला धरून राहिलेली जीभ वळेना. अक्षरं पुसट झाली. त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागला.

खुर्चीत आई जराशी पुढे सरकली.

“सावकाश पूस,” ती म्हणाली. “मी थांबते.”