माझी सवत कोळसा खायची

मित्रांनो, बोरी गावात गोठ्याच्या भिंतीला टेकून एक जुनी बैलगाडी उभी आहे. ती मी. गुणाची गाडी म्हणून लोकांनी माझे नाव घेतले, पण तुमच्याशी खोटे कशाला बोलू? मी एकीचा फार हेवा केला. त्या हेव्याने एकदा मला पार आंधळे केले होते. तेच सांगते.

माझा जन्म निजामाच्या राजवटीतला. चंद्रभान सुताराने बाभळीचे लाकूड दोन वर्षे सावलीत वाळवले, आरे तासले, लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवून चाकांवर चढवली आणि मला लिंबाजीच्या दारात उभे केले. लिंबाजीने मला भाड्याच्या धंद्याला घातले. गावचा कापूस मानवतच्या बाजारात न्यायचा आणि येताना मीठ, गूळ, दुकानदारांचे सामान आणायचे.

चौथ्या वर्षी एका उतारावर बैल बुजले. लिंबाजी खाली पडला आणि माझेच चाक त्याच्या गुडघ्यावरून गेले. हाड जुळले, पण पाय वाकेना. घरची भाकरी माझ्यावर चालत होती. पंधरा दिवस वाट पाहून त्याची बायको धुरपताबाई हिने बैल जुंपले, पदर खोचला आणि कासरा हातात घेतला.

"बायामाणसानं भाड्याची गाडी हाकावी व्हय?" लिंबाजी उंबऱ्यातून म्हणाला.

"बैलाला काय कळतंय, मागं बाई हाय का बुवा," ती म्हणाली आणि निघाली.

मानवतच्या अडतीत लोक हसले. हिला बोजा बांधता येणार नाही, असे म्हणाले. पण तिने आवळलेला दोर कधी सुटला नाही. वर्षभरात तिथले अडते व्यंकटराव शेतकऱ्यांना सांगू लागले, "माल धुरपताबाईच्या गाडीत द्या. वाटंत चिमूटभर कापूस सांडायचा न्हाई."

ते ऐकून मी फुगून जात असे. लिंबाजी मात्र घरी दोर वळत बसे आणि बायकोची स्तुती ऐकली की मान खाली घाली. मला त्याची कीव यायची. खरे सांगायचे तर जरा बरेही वाटायचे, कारण तिचा सगळा दिवस माझ्याजवळ जात होता, त्याच्याजवळ नाही.

मग मोठ्या लढाईच्या दिवसांत ती सटवी आली. व्यंकटरावांनी मोटार लॉरी घेतली. पेट्रोल मिळत नव्हते, म्हणून तिच्या अंगाला एक उंच लोखंडी टाकी बसवलेली होती. त्या टाकीत लाकडाचा कोळसा पेटवायचा आणि त्याच्या धुरावर इंजिन चालायचे. तिचा ड्रायव्हर माणिकराव लांब हैदराबादेकडचा होता. कुठली काळी माती चाक गिळते, नदीला उतार कुठे आहे, हे त्याला काय ठाऊक? व्यंकटरावांनी धुरपताबाईला बोलावून घेतले. तिने वाट दाखवायची, माल चढवून घ्यायचा आणि बांधायचा.

मी गोठ्याशी उभी राहिले. माझ्या जुवावर कोंबड्या बसू लागल्या.

पूर्वी तिच्या लुगड्याला कडब्याचा वास यायचा, आता धुराचा येऊ लागला. सवतीला बारीक कोळसा सोसत नाही म्हणून ती पाटीभर कोळसा हाताने निवडायची. माझ्यासाठी तिने कधी काही निवडले होते का? एके दिवशी माणिकरावाने सपाट सडकेवर लॉरीचे चाक तिच्या हाती दिले. पोरे घरी सांगत आली, "धुरपतामावशी मोटार हाकायलीय!" लिंबाजीने वळता दोर करकचून आवळला. आम्हा दोघांचा हेवा एकाच दावणीला बांधलेला होता. मी रोज मनात म्हणायचे, रुतो मेली कुठेतरी.

आणि ती रुतली.

हिवाळ्याचे दिवस होते. वर कुठेतरी अवकाळी पाऊस झाला होता. दुपारी माणिकराव धापा टाकीत दारात आला.

"लॉरी करपरा नदीच्या पात्रात फसलीय, लिंबाजीभाऊ. बाईनं दाखवलेल्या उताराचीच वाळू सरकली. गाडी घेऊन चला."

"ती कुठं हाय?"

"कापसावर बसलीय. उतरत न्हाई. म्हणती, हा माल भिजला तर परत बाईमाणसाच्या भरवशावर कोणी माल देणार न्हाई."

"मोटारीचं मोटारवाल्यानं बघावं," लिंबाजी म्हणाला. माझ्या मनात तर लाडू फुटत होते.

"पाणी वाढायलंय, भाऊ," माणिकराव हळूच म्हणाला.

लिंबाजीने हातातला दोर खाली टाकला. मग काठी टेकत उठला आणि त्याने बैल सोडून आणले. न वाकणारा पाय बाहेर ताठ ठेवून, कितीतरी वर्षांनी तो माझ्यावर बसला.

नदीवर पोचलो तेव्हा सवत एका अंगावर कलली होती. टाकीतला विस्तव विझला होता आणि गढूळ पाणी अर्ध्या चाकांना लागले होते. वर धुरपताबाई ताडपत्रीची टोके मुठीत धरून बसली होती. एवढी मोठी बाई, पण चिमणीएवढी दिसत होती. मी रोज शाप देत होते, आणि त्या शापाच्या टोकावर ती बसलेली होती. माझा आनंद जागच्या जागी विरला.

आम्ही पात्र ते काठ अशा चार खेपा केल्या. बैलांना लिंबाजीने आवरले, बोजे तिने बांधले. पाचव्या खेपेला पाणी माझ्या साट्यापर्यंत, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांपर्यंत आले.

"आता तू उतर," लिंबाजी म्हणाला.

"चार बोचकी राहिलीत."

"राहू दे. गाडी तुझ्यासाठी आणलीय, कापसासाठी न्हाई."

तिने त्याच्याकडे पाहिले आणि पाऊल माझ्यावर टाकले. काठ चढताना माझा आस कडाडला, पण वर पोचेपर्यंत मी तो मोडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरले. गावच्या आठ बैलजोड्यांनी लॉरी ओढून काढली. व्यंकटराव आले, कोरडा कापूस हाताने चाचपून म्हणाले, "बाई, माल राखलात."

"माल यांनी राखला," धुरपताबाई लिंबाजीकडे बोट दाखवून म्हणाली. त्या दिवशी त्याने मान खाली घातली नाही.

मला वाटले, आता ती माझ्याकडे परत येईल. आली नाही. आठवड्यात ती पुन्हा लॉरीवर गेली. चंद्रभानाने मला नवा आस घातला, आणि मला काम कोणते मिळाले म्हणता? जिंतूरच्या रानातून लॉरीसाठी कोळसा आणायचे. सवतीचे जेवण मीच वाहू लागले. लिंबाजी मला हाकताना गाणे म्हणायचा. मी मात्र धुसफुसत चालायचे.

एका सकाळी अरुंद सडकेवर मागून लॉरी आली. चाक धुरपताबाईच्या हातात होते. तिने भोंगा वाजवला नाही. सडक रुंद होईपर्यंत ती बैलांच्या चालीने आमच्या मागे येत राहिली. मग शेजारी येऊन म्हणाली, "आवं, डावं चाक वाजायलंय. सांजच्याला आले की बघते."

इंजिनाच्या एवढ्या गडगडाटात तिने माझे चाक ऐकले होते.

मित्रांनो, माझा हेवा संपला असे मी म्हणणार नाही. घरात नवे आले की जुने कोपऱ्यात जाते, त्याला इलाज नाही. पण येता-जाता आमच्या चाकाकडे थोडा कान द्या. तेवढ्यावर आम्ही पुष्कळ दिवस चालतो.